थबकलेला संगणक : दोष कोणाचा?

गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या संगणक-वर्गांत एक प्रसंग घडला व त्यांत आमच्या हातून एका विद्यार्थ्यावर अन्याय झाला. तो प्रथम सांगून मग विषयाकडे वळणें बरें. नववींतील एक मुलगा आपला विज्ञानाचा निबंध टंकीत असतां त्याच्यासमोरील यंत्र एकाएकीं थबकलें. पडद्यावरील बाण हलेना, अक्षर उमटेना. मात्र डिस्कचा लहानसा दिवा अखंड जळत होता. दहा मिनिटें वाट पाहून त्या बिचाऱ्यानें वीज बंद केली आणि तासाभराचें लेखन गमावलें. आम्हीं कांहींएक चौकशी न करितां "तूंच कांहीं तरी बिघडविलेंस" असा ठपका त्याच्यावर ठेविला. पुढील आठवड्यांत दुसऱ्या यंत्रावर, एका मुलीच्या हातीं, अगदीं तोच प्रकार घडला, तेव्हां आमचे डोळे उघडले. अशा दुखण्याचें निदान कसें करावें, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस कळावें, म्हणून हा लेख.

प्रथम यंत्राची रीत समजून घेऊं. एक विद्यार्थी लहान मेजावर अभ्यास करीत आहे. मेजावर चारच पुस्तकें मावतात व बाकीचीं अंगणापलीकडील कपाटांत आहेत, अशी कल्पना करा. धड्यास चार पुस्तकें पुरलीं तर काम सुरळीत चालतें. क्वचित् पांचवें लागलें, तर एक नेऊन ठेवावें व दुसरें आणावें. परंतु दर वाक्यास सहा पुस्तकें आलटूनपालटून लागूं लागलीं, तर मुलगा दिवसभर अंगण तुडवील आणि वाचन एक ओळही होणार नाहीं. संगणकाची रॅम हें मेज व डिस्क हें कपाट. रॅमपर्यंत पोंचण्यास सुमारें १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या डिस्कपर्यंत सुमारें १० मिलिसेकंद. म्हणजे अंतर लाखपटीचें!

रॅमचीं लहान लहान पानें पाडून जरुरीप्रमाणें त्यांची ने-आण यंत्रानेंच करावी, ही युक्ति इंग्लंडांत मँचेस्टर येथें १९६२ सालीं सुरू झालेल्या 'ॲटलस' या संगणकांत होती. आजच्या बहुतेक घरगुती यंत्रांत हें पान ४०९६ बाइटांचें असतें. या युक्तीनें मोठी सोय झाली. परंतु भार वाढला कीं यंत्र ने-आणींतच गुंतून पडतें, हेंही लवकरच दिसून आलें. अमेरिकन शास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनीं १९६८ सालीं याची मीमांसा केली. प्रत्येक प्रोग्रॅमला त्या त्या वेळीं कांहीं ठराविक पानें सतत लागतात. या पानांस त्यांनीं 'वर्किंग सेट' असें नांव दिलें. सर्व प्रोग्रॅमांचे असे संच मिळून रॅमपेक्षां मोठे झाले, कीं काम एकदम कोसळतें. या अवस्थेस 'थ्रॅशिंग' म्हणतात.

येथें एक शंका येईल. रॅम संपली, तर यंत्र एखादा प्रोग्रॅम बंद कां करीत नाहीं? आमच्या वर्गांतील यंत्रें लिनक्स या प्रणालीवर चालतात. तिच्यांत अशी योजना आहे. परंतु डिस्कवर ज्यांची प्रत आहे अशीं पानें टाकून देऊन जागा मिळत राहते, तोंवर प्रणालीस रॅम संपली असें वाटतच नाहीं. टाकलेलें पान पुढच्याच क्षणीं पुन्हां लागतें, तें पुन्हां आणावें लागतें, आणि हें चक्र चालूच राहतें. म्हणूनच 'स्वॅप' नांवाची डिस्कवरील राखीव जागा काढून टाकली म्हणजे रोग गेला, ही समजूत चुकीची आहे.

आतां निदानाची रीत. यंत्र थबकल्यावर नवी खिडकी उघडत नाहीं. यास्तव पहारेकरी अगोदर बसवावा. 'व्हीएमस्टॅट' ही आज्ञा दर पांच सेकंदांनीं एक ओळ लिहील अशी चालूं ठेवून ती नोंद जपून ठेवावी. तिची पहिली ओळ यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. ती सोडून द्यावी. 'एसआय' व 'एसओ' या रकान्यांत दोन्हींकडे मोठे आंकडे सतत दिसले, तर स्वॅपची धांवपळ चालली आहे असें समजावें. स्वॅप नसेल, तर हे रकाने शून्य राहतात. तेव्हां 'बीआय' म्हणजे डिस्कवरून होणारें वाचन पाहावें.

दुसरी परीक्षा याहून स्पष्ट आहे. लिनक्सच्या ४.२० या २०१८ सालच्या आवृत्तीपासून 'प्रॉक' या कप्प्यांतील 'प्रेशर' या उपकप्प्यांत 'मेमरी' नांवाचें एक पान मिळतें. त्यांत 'सम' व 'फुल' अशा दोन ओळी असतात. रॅमच्या अभावीं निदान एक काम अडून राहिलें तो काळ पहिलींत येतो. चालूं असलेलीं सर्वच कामें एकदम अडलीं तो काळ दुसरींत. 'फुल' ओळींत दहा सेकंदांची सरासरी ६० असेल, तर गेल्या १० सेकंदांपैकीं सुमारें ६ सेकंद उपयोगी काम मुळींच झालें नाहीं, असा अर्थ. याउलट मेमरीचा दाब शून्य असून केवळ डिस्कचा दाब मोठा असेल, तर दोष अन्यत्र शोधावा.

शेवटीं, जागा कोणी अडविली तें 'टॉप' या आज्ञेनें पाहावें. आम्हीं तसें पाहिलें आणि खजील झालों. विद्यार्थ्यांचे पडदे दुरून पाहण्यासाठीं आम्हींच प्रत्येक यंत्रावर एक प्रोग्रॅम बसविला होता. तो सकाळपासून फुगत फुगत दुपारपर्यंत निम्म्याहून अधिक रॅम व्यापीत असे! तो बंद करितांच दाब शून्यावर आला. पुन्हां चालूं केल्यावर कांहीं तासांनीं तोच प्रकार घडला. अशी उलटसुलट परीक्षा झाली, तेव्हांच निदान पक्कें ठरलें. पुढें त्या प्रोग्रॅमला रॅमची मर्यादा घालून दिली. नवीन यंत्रें घेण्याचा जो विचार चालला होता, तो सोडून दिला. पालकांवरील खर्चाचा भार टळला.

त्या मुलाची आम्हीं सर्व वर्गासमोर क्षमा मागितली. तो हंसून म्हणाला, "सर, दिवा जळत होता हें मीं तेव्हांच सांगितलें होतें." खरोखर, रोग्यानें लक्षण सांगितलें होतें; वैद्यानेंच ऐकलें नाहीं. घरचें यंत्र थबकलें, तर पालकांनींही मुलांवर रागावण्यापूर्वीं दिवा पाहावा, वेळ टिपून ठेवावी, आंकडे वाचावे, आणि मगच दोष कोणाचा तें ठरवावें.