नर रेडकांचे संगोपन आणि म्हैसमांसाचे अर्थकारण

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील म्हैसवर्गीय जनावरांची संख्या सुमारे ११ कोटी आहे. त्यांत माद्या १० कोटींहून अधिक, तर नर एक कोटीच्याही आत आहेत. नर व मादी रेडके जवळपास समान संख्येने जन्मतात, हे लक्षात घेता ही तफावत विचार करायला लावणारी आहे. काही नर कत्तलीसाठी विकले जातात, हे खरे. परंतु अनेक रेडके गोठ्यातच पहिल्या काही आठवड्यांत दगावतात. रेडकू जे दूध पिते त्याला बाजारभाव असतो आणि ट्रॅक्टर आल्यापासून रेड्याच्या श्रमाला मागणी उरलेली नाही. उपासमार हे या मृत्यूंचे न नोंदले जाणारे कारण होय.

वस्तुतः हेच रेडकू मांसोत्पादनाचा कच्चा माल आहे. गोमांसाच्या निर्यातीस भारतात बंदी असून निर्यात होते ते म्हशीचे मांस. परीक्षार्थींनी येथे गल्लत करू नये. भाकड, वयस्क म्हशींच्या मांसापेक्षा वाढवलेल्या तरुण रेड्याचे मांस कोवळे असते. अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (२००७-१२) नर रेडके वाचवून वाढविण्याची केंद्रीय योजना याच विचारातून आली.

संगोपनाची सुरुवात चिकापासून होते. जन्मानंतर पहिल्या काही तासांत वजनाच्या साधारण एक दशांश इतका चीक मिळाल्यासच रेडकाला रोगप्रतिकारशक्ती लाभते, कारण म्हशीच्या गर्भाशयातून ती वारेवाटे पोचत नाही. गोलकृमींच्या अळ्या मात्र आईच्या दुधातूनच येतात. म्हणून दहाव्या ते पंधराव्या दिवसाच्या सुमारास जंतनाशक देणे आवश्यक ठरते. हा खर्च अल्प असूनही तोच बहुधा टाळला जातो. पुढे हिरवा चारा, खुराक व खनिज मिश्रण द्यावे. पावसाळ्यापूर्वी घटसर्पाची लस टोचावी. या रोगाला गायींपेक्षा म्हशी अधिक बळी पडतात.

लाळ्या-खुरकुताचे महत्त्व याहून वेगळे आहे. प्रौढ जनावर त्याने क्वचितच मरते. पण दूध व वजन घटते, लहान रेडके हृदयाच्या स्नायूंना सूज येऊन दगावतात आणि परदेशी बाजारपेठांची दारे बंद होतात. यावर निर्यातदारांनी शास्त्रीय मार्ग काढला आहे. कत्तलीनंतर मांस थंड तापमानात चोवीस तास ठेवल्यास त्याची आम्लता वाढून सामू सहाच्या खाली जातो व स्नायूंतील विषाणू नष्ट होतो. हाडांतील मज्जा व लसिका ग्रंथी यांत मात्र तो टिकून राहतो. म्हणूनच भारतातून हाडे व ग्रंथी काढलेले मांसच पाठविले जाते. तरीही रोगमुक्त देशांच्या अधिक भाव देणाऱ्या बाजारपेठा दूरच राहतात.

बुळकांडीचे उच्चाटन भारताने २००६ मध्ये करून दाखविले. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरा येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी, तर ब्रुसेलोसिसची लस चार ते आठ महिने वयाच्या मादी वासरांना एकदाच दिली जाते. पशुरोग प्रतिबंध हा राज्यसूचीतील विषय असला, तरी या कार्यक्रमाचा संपूर्ण खर्च केंद्राने उचलला. विषाणू राज्यांच्या सीमा जाणत नाही. एका जिल्ह्यात लसीकरण चुकले की बाजारात विकल्या गेलेल्या जनावरांबरोबर रोग शेजारच्या राज्यात पोचतो.