कीड-नकाशासाठी क्यूजीआयएस : दोन आज्ञा आणि एक सावधगिरी

मे २०१८ मध्ये शिवमोग्याच्या मक्यावर अमेरिकन लष्करी अळीची भारतातील पहिली नोंद झाली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रात पोहोचली. अशा किडीची वाटचाल ओळखायची, तर कामगंध सापळ्यांच्या नोंदी वहीतून नकाशावर यायला हव्यात. त्यासाठी क्यूजीआयएस ही विनामूल्य मुक्त प्रणाली पुरेशी आहे. उबुंटू संगणकावर टर्मिनल उघडून 'सुडो ॲप्ट अपडेट' व त्यानंतर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल क्यूजीआयएस जीडीएएल-बिन' या आज्ञा द्याव्यात (टंकन अर्थातच रोमन लिपीत). ऐन हंगामात आवृत्ती बदलू नये.

अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली, तर शिवमोग्याचा सापळा आर्क्टिक महासागरात दिसतो. ही चूक निदान डोळ्यांत भरते. दुसरी लपून राहते. ईपीएसजी ४३२६ या थरावर सापळ्याभोवतीच्या बफरसाठी १ हा आकडा दिल्यास तो किलोमीटर नव्हे, अंश मानला जातो. म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. मग चार गावांसाठीचा इशारा कित्येक तालुक्यांना जातो. म्हणून 'ओजीआर२ओजीआर' या आज्ञेने थर आधी मीटरमध्ये रूपांतरित करावा : ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेस (बेंगळुरू, सांगली, सोलापूर) ३२६४३, पूर्वेस (नागपूर, चंद्रपूर) ३२६४४. यवतमाळ जिल्हा या रेषेच्या दोन्ही बाजूंस पसरलेला आहे. तेथे सर्व थरांना एकच क्रमांक द्यावा.