धर्मगुरूंवर आपली नजर : आपुलकीची की पाळतीची?



रविवारची मिस्सा संपते. चर्चच्या पायऱ्या उतरता उतरता आपल्या गप्पा सुरू होतात. आज प्रवचन लांबले. फादर आज हसले नाहीत. काल रात्री फादरांची मोटारसायकल उशिरा आली. अमक्याच्या घरी जेवले, तमक्याच्या घरी फिरकले नाहीत. यात आपल्याला काही वावगे वाटत नाही. घरातल्या माणसाविषयी बोलावे तसे आपण बोलतो. पण ज्याच्याविषयी हे बोलणे चालते, त्याला दार लावून घेतल्यावरही एकांत मिळत नाही, हे आपण विसरतो.

४ ऑगस्ट हा धर्मग्रामाच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन मेरी व्हियानी यांचा सण. त्यानिमित्ताने आपण या विषयाचा थोडा अभ्यास करू या.

प्रभूही यातून सुटला नाही

योहान बाप्तिस्ता उपवास करी, म्हणून लोकांनी त्याला भूतग्रस्त ठरवले. येशू लोकांच्या पंक्तीला बसला, तर त्याला खादाड म्हटले (मत्तय ११:१८-१९). कसेही वागले तरी बोल लागणारच, हे प्रभूने स्वतः अनुभवले. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात तर त्याला वेड लागले अशी चर्चा ऐकून त्याचे आप्त त्याला आवरायला निघतात (३:२१). त्याच अध्यायात पुढे त्याची आई त्याला भेटायला येते. गावचे लोक आपल्या मुलाविषयी काय बोलतात, हे त्या माउलीच्या कानी आले नसेल का? शिमोनाने सांगितलेली तलवार (लूक २:३५) कालवारीवर पोचण्याआधीही तिला टोचत असली पाहिजे.

आर्सचे फादर

फ्रान्समधील आर्स हे जेमतेम २३० वस्तीचे खेडे. १८१८ साली फादर व्हियानी तिथे आले. एवढ्याशा गावात काही लपत नाही, आणि नसलेलेही दिसू लागते. त्यांनी नाचगाण्यावर व दारूवर टीका केली, तेव्हा काहींना ते खुपू लागले. एका अविवाहित मुलीला मूल झाले, तेव्हा त्याचे बालंट त्यांच्यावर घेतले गेले. दारावर घाण फासली गेली. शेजारच्या काही धर्मगुरूंनीही ते अडाणी असल्याची तक्रार लिहून सह्या गोळा केल्या. तो कागद त्यांच्याच हाती पडला, तेव्हा त्यांनी त्यावर स्वतःची सही केली, असे चरित्रकार सांगतात.

पुढे निंदेची जागा स्तुतीने घेतली. दुरून यात्रेकरू येऊ लागले. ते दिवसाला १६ तासांपर्यंत पापनिवेदन ऐकत. लोक आठवण म्हणून त्यांच्या झग्याचे तुकडे कापून नेत. १८४३ च्या सप्टेंबरात, मोठ्या आजारातून उठल्यावर, ते रात्री आर्स सोडून दार्दिलीला भावाच्या घरी गेले. त्यांना एकांत हवा होता. लोक तिथेही पोचले! शेवटी ते आर्सला परतले व १८५९ साली तिथेच देवाघरी गेले. १९२५ साली ते संत म्हणून घोषित झाले. आज आपण त्यांच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावतो. पण ते संत होते, म्हणून त्यांना काही जाचले नसेल असे समजू नये.

घरच्यांचा क्रूस

गुरुदीक्षेच्या दिवशी धर्मगुरूच्या आईवडिलांचा सगळे सत्कार करतात. दुसऱ्या दिवसापासून त्या घराला वेगळे माप लागते. भावाभावांत जमिनीवरून वाद झाला, बहिणीने आपल्या मनाने लग्न केले, भाचा नापास झाला, की लगेच शब्द येतात, ‘फादरांच्या घरात असे?’ आणि फादरांविषयी कुठे काही कुजबुज झाली, तर बाजारात भाजी घेताना प्रश्न त्यांच्या आईला विचारला जातो.

व्हियानींच्या घरानेही किंमत मोजली होती. सैन्यभरतीत ते तुकडीपासून मागे राहिले आणि फरारी ठरले. १८१० साली त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्याऐवजी सैन्यात गेला. तो पुन्हा घरी आला नाही.

आपल्या कॅथलिक चर्चमध्ये विवाहित डीकन आहेत आणि पौर्वात्य विधीच्या काही चर्चमध्ये विवाहित धर्मगुरूही आहेत. तिथे पत्नी व मुले रोजच या नजरेखाली असतात. सेवकाने आपले घर नीट चालवावे असे संत पौल तीमथ्याला लिहितो (१ तीमथ्य ३). सेवक निवडताना पाहायची ही कसोटी आहे. शेजाऱ्यांनी रोज घ्यायची ती परीक्षा नव्हे.

मग सगळे झाकायचे का?

मुळीच नाही. इथे आपण फार सावध राहिले पाहिजे. धर्मगुरूंवरच्या श्रद्धेपोटी अनेक देशांत लोकांनी डोळे मिटले, आणि त्याची शिक्षा निष्पाप मुलांना भोगावी लागली. दोन-तीन साक्षीदारांशिवाय वडिलांवरचा आरोप दाखल करून घेऊ नये, असे संत पौल सांगतो आणि लगेच पुढे, पाप करत राहणाऱ्याला सर्वांसमोर दोष द्यावा, असेही सांगतो (१ तीमथ्य ५:१९-२०). दोन्ही वाक्ये एकत्र वाचली पाहिजेत. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली अशा अत्याचाराची माहिती वरिष्ठांना कळवणे धर्मगुरू व व्रतस्थांना बंधनकारक केले. आपल्या देशात २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. चर्चच्या पैशाचा हिशोब मागणे हाही आपला हक्क आहे.

फरक कसा ओळखावा? कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ (क्र. २४७७) तीन पापे सांगतो : पुराव्याविना दोषी मानणे, कारण नसताना दुसऱ्याचे खरे दोष तिसऱ्याला सांगणे, आणि खोटे पसरवणे. दुसरे पाप आपल्याला सर्वांत अवघड जाते. ‘पण ते खरेच आहे!’ असे आपण म्हणतो. खरे असले, तरी ऐकणाऱ्याला त्याबाबत काही करता येणार आहे का? येणार असेल, तर त्यालाच सांगावे, आपल्या नावानिशी सांगावे. येणार नसेल, तर ती कुटाळकी. मोबाईलवर पुढे ढकललेला निरोपही त्यातच आला.

आपण काय करू?

फादरांविषयी तक्रार असेल, तर आधी फादरांशी बोलू. गंभीर बाब असेल, तर बिशपांकडे किंवा पोलिसांकडे जाऊ, कट्ट्यावर नाही. त्यांना आठवड्यातून एक दिवस खरोखर मोकळा मिळू देऊ. आणि आपल्या गावातून धर्मगुरू झालेल्यांचे आईवडील वृद्ध असतील, तर त्यांच्या घरी जाऊ. मुलाची चौकशी करायला नव्हे, त्यांची विचारपूस करायला.

वाडीतील प्रार्थनासभेसाठी प्रश्न
१. गेल्या महिन्यात फादरांविषयी आपण जे बोललो, ते त्यांच्यासमोर बोलू शकलो असतो का?
२. जिथे बोलायला हवे होते, तिथे आपण गप्प राहिलो का?
३. आपल्या वाडीतील कोणत्या धर्मगुरूच्या किंवा धर्मभगिनीच्या घरी आपण या आठवड्यात जाऊ?

हे प्रभू, आमच्या डोळ्यांना सत्य पाहण्याचे धैर्य दे आणि आमच्या जिभेला दया शिकव. आमेन.