सारखी नाडी बघू नकोस

चिमे, राजीनाम्याचा मेसेज वाचला. पगार बरा, माणसं बरी, पण ‘मी सुखी नाही’, एवढंच कारण? रागावत नाहीये गं. आपल्या आज्जीला ‘सुखी आहेस का?’ हा प्रश्न जन्मात कुणी विचारला नाही, तू स्वतःला विचारतेस, हे मला आवडतंच. पण सुख हेच आयुष्याचं मुख्य ध्येय, हे काही पटत नाही.

तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचंच बघ ना. वडिलांनी तिसऱ्या वर्षी ग्रीक शिकवायला घेतलं, पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत चिकटवलं. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख, हा तर त्या घराचा कुळाचारच. १८२६ मध्ये, ऐन विशीत, त्याने स्वतःला विचारलं, ‘मला हव्यात त्या सगळ्या सुधारणा आत्ता झाल्या, तर मी सुखी होईन?’ आतून उत्तर आलं, नाही. कित्येक महिने पोरगा खचलेला होता. पुढे आत्मचरित्रात त्याने लिहिलं की सुखावर डोळा ठेवून ते मिळत नाही. मन दुसऱ्या कशात गुंतलं की ते वाटेत भेटतं. सुखवाद्यांच्या घरातल्यानेच हे सांगावं, याची मला भारी गंमत वाटते.

हाच मिल वाचून आपले समाजसुधारक आगरकर घडले. एम.ए. होऊनही मोठ्या पगाराचा नाद सोडला, पोटापुरत्यावर भागवीन म्हणून आईला कळवलं. दम्याने बेजार. विरोधकांनी काढलेली स्वतःची प्रेतयात्रा जिवंतपणी पाहिली, आणि १८९५ मध्ये चाळिशीही न गाठता गेले. सुखी होते का? त्यांना हा प्रश्न विचारायला फुरसत तरी होती का! त्यांच्या बायकोला, यशोदाबाईंना मात्र विचारायला हवा होता. ध्येय नवऱ्याचं आणि ओढाताण त्यांचीही. म्हणून ध्येयापायी सुख ओवाळून टाक, असं मी तुला कधीच म्हणणार नाही. बायकांना तो सल्ला फार स्वस्तात मिळतो.

तू मात्र रोज संध्याकाळी स्वतःची नाडी बघतेस. अशाने धडधाकट माणूसही आजारी पडेल. त्यापेक्षा मला सांग, कुठलं काम करताना जेवायचं विसरतेस? तुझ्यावाचून कुणाचं अडतं? तसलं काही हाती असेल तर खुशाल सोड नोकरी, दोन-चार महिन्यांचं भाडं मी बघते. नसेल तर शोधेपर्यंत पगार घेत राहा, त्यात कमीपणा नाही.

आणि आईला मी अजून काही बोलले नाहीये. आधी तू फोन कर तिला.