मोटेट म्हणजे काय?



आपल्या मराठी मिस्सात गायकवृंद, पेटी आणि भाविक सगळे एकाच चालीवर चालतात. ग्रेगोरियन गायनही तसेच. पण इ. स. १२०० च्या सुमारास पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलमध्ये वेगळेच घडू लागले. एक आवाज जुन्या ग्रेगोरियन चालीचे स्वर लांबवून धरी. त्याला 'टेनर' म्हणत, म्हणजे धरून ठेवणारा. त्याच्या वर दुसरा, तिसरा आवाज निराळी चाल गाई. तंबोऱ्याची आठवण होईल, पण तंबोरा तेच स्वर छेडत राहतो. टेनर संथपणे का होईना, पुढे सरकतो. वरच्या आवाजांना आधी स्वतंत्र शब्द नव्हते. पुढे त्यांच्यावर नवे शब्द बसवले गेले. फ्रेंचमध्ये शब्दाला 'मो' म्हणतात, त्यावरून 'मोटेट'.

मग हौस वाढली. एक आवाज लॅटिनमध्ये पवित्र मरियेची स्तुती गाई, त्याच वेळी दुसरा फ्रेंचमध्ये प्रेमगीत! ऐकणाऱ्याने काय समजावे? इ. स. १३२४-२५ मध्ये परमगुरू बाविसावे जॉन यांनी आज्ञापत्र काढून गायकांची कानउघाडणी केली. स्वरांचे तुकडे पाडता, मूळ चाल ओळखू येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. तरी त्यांनी दार बंद केले नाही. सणासुदीला मूळ चालीला धक्का न लावता सप्तक, पंचम, मध्यम असे साधे संवाद चालतील, असे त्यांनी म्हटले. सा-प आणि सा-म हे संवाद आपल्या शास्त्रीय संगीतातही मानलेले आहेत.

सोळाव्या शतकापर्यंत सर्व आवाजांना एकच लॅटिन वचन देण्याची रीत रुळली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली ग्रेगोरियन गायनाला पहिले स्थान दिले, बहुस्वरी रचनांनाही जागा ठेवली. भाविकांचा सहभाग मात्र हवाच. म्हणून आमच्या मते प्रतिसाद आणि 'पवित्र, पवित्र' सर्वांनीच गावे. गायकवृंदाला मोटेट बसवायचेच असेल, तर कम्युनियननंतर.

गोव्यात ही परंपरा पोर्तुगीज काळात रुजली. धर्मग्रामाच्या शाळांत 'मेस्त्रे' मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. त्यातूनच गोव्याच्या संगीतकारांनी स्वतःचे मोटेट रचले. प्रायश्चित्तकाळात ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा देखावा भाविकांपुढे उघडतो, तेव्हा ते गायले जातात. शब्द मोजके आणि लय संथ असते. लॅटिन न येणाऱ्यालाही समोरच्या मूर्तीकडे पाहून कळते, आपला प्रभू क्रुसाच्या वाटेवर आता कुठे पोहोचला आहे.