लांब पल्ल्याची ड्रायव्हरी : जमा-खर्चाचा हिशोब

यंत्रमागावर मंदी आली की आमच्या मालेगावचे काही तरुण ट्रकच्या स्टिअरिंगकडे वळतात. दुकान नको, भांडवल नको, लायसन हाती आले की रोजी सुरू, असे ते म्हणतात. म्हणणे खोटे नाही. परंतु कोणताही धंदा धरण्याआधी वहीच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. मी कापडाचा व्यापारी. आमच्या कोऱ्या कापडाच्या गाठी रंगाईसाठी राजस्थानात पाली, बालोतऱ्याला जातात. त्यामुळे ड्रायव्हर मंडळींशी तीस वर्षांचा संबंध आहे. त्या आधारावर हा हिशोब मांडतो.

जमेची बाजू

पहिला फायदा म्हणजे भांडवल लागत नाही. मालवाहू गाडीच्या लायसनसाठी २० वर्षे वय आणि हलक्या वाहनाचे किमान एक वर्षाचे लायसन पाहिजे. आठवी पासची अट २०१९ साली निघाली. दुसरे, रस्त्यावरचा त्रास थोडा कमी झाला आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे कराचे नाके उठले. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा आहे, मात्र जुन्या गाड्यांना तो नाही. तिसरे, जो डोळे उघडे ठेवतो त्याला गावोगावच्या बाजारपेठा आणि भाड्याचे दर कळतात. पुढे स्वतःची गाडी घेण्यासाठी हे ज्ञान कामाला येते.

खर्चाची बाजू

कंबर, पोट आणि डोळे लवकर थकतात. ईद, लग्न, मय्यत यांपैकी बरेच काही रस्त्यातच निघून जाते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने लांब पल्ल्यासाठीही दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांची हद्द घातली होती. ढाब्यावर विचारा, ती पाळलेली किती जणांनी पाहिली!

पण सर्वांत मोठा तोटा गाडी चालवण्यात नाही, थांबण्यात आहे. समजा ये-जा ६ दिवसांत होते, तर महिन्यात ५ फेऱ्या. जाताना २ दिवस फाटकावर आणि येताना २ दिवस परतीच्या मालासाठी गेले, तर फेरी १० दिवसांची होते. महिन्यात फेऱ्या राहिल्या ३. भत्ता फेरीवर असेल तर ड्रायव्हरच्या घरचा चुलाच मंद होतो. मग तो गेलेला वेळ झोपेतून वसूल करतो.

इथे माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी परतीचा माल तयार होण्याआधीच मी गाडीचा नंबर टाकून ई-वे बिल काढून घेतले. या बिलाची मुदत साधारण २०० किलोमीटरला एक दिवस असते. ८०० किलोमीटरला ४ दिवस. त्यातले दोन दिवस गाडी फाटकावरच उभी राहिली. मी फोनवर घाई लावली, "मियाँ, बिल संपेल, लवकर निघा." तो रात्रभर चालला. पहाटे डोळा लागला आणि गाडी रस्त्याखाली गेली. जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. खबर आली तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "गाठी भिजल्या का?" आजही तो आठवला की मान खाली जाते.

बिलाची मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत कारण देऊन ती वाढवून घेता येते. हे मी विचारले असते तर एका माणसाचा पाय वाचला असता.

ड्रायव्हरी धरणाऱ्यांनी मालकाला आधी विचारावे :

१) पगार महिन्याचा की फेरीचा?
२) गाडी उभी राहिल्यास रोजचा भत्ता किती?
३) दुसरा ड्रायव्हर की फक्त क्लीनर?
४) गाडीच्या विम्यात ड्रायव्हर-क्लीनरची जोखीम धरली आहे का?
५) माल कमी भरला किंवा भिजला तर जबाबदारी कोणाची?

उत्तरे कागदावर घ्यावीत. तोंडी शब्द भांडणाच्या वेळी कोणालाच आठवत नाहीत.

आणि आपण व्यापारी बांधवांनी? माल तयार झाल्यावरच बिल काढावे. गाडी निघण्याआधी, समोर उतरवायला जागा आणि हमाल आहेत का, याचा फोन करावा. आपल्यामुळे गाडी थांबली तर त्या दिवसाचे पैसे ट्रान्सपोर्टवाल्याकडे द्यावेत आणि ते ड्रायव्हरच्या हाती पडले का, याची चौकशीही करावी. भाड्यात घासाघीस जरूर करा, पण ड्रायव्हरच्या झोपेत करू नका. गाठी आपल्या खऱ्या, पण त्या घेऊन येणारा कोणाच्या तरी घरचा आधार आहे.