जिव्हाबंध व त्यावरील शस्त्रक्रिया

‘उचलली जीभ लावली टाळ्याला’ ही म्हण आपण अविचारानें बोलणाऱ्या मनुष्यास उद्देशून योजतों. जीभ उचलून टाळ्यास लावणें हें अगदीं सोपें काम, असें या म्हणींत गृहीत धरलेलें आहे. परंतु कांहीं बालकांस जन्मतःच हें काम साधत नाहीं. त्यांची जीभ खालीं जखडलेली असते. या स्थितीस जिव्हाबंध म्हणतात. डॉक्टरलोक तीस ‘टंग-टाय’ अथवा ‘अँकिलोग्लॉसिया’ असें नांव देतात. ज्यांच्या घरीं लहान भावंडें आहेत अशा विद्यार्थ्यांस ही माहिती उपयोगी पडेल, म्हणून ती येथें थोडक्यांत देत आहें.

आरशासमोर उभें राहून जीभ वर उचलली असतां तिच्या खालीं मध्यभागीं एक पातळ पडदा दिसतो. हा प्रायः सर्वांस असतो. गर्भावस्थेंत जीभ प्रथम तोंडाच्या तळाशीं जोडलेली असते. पुढें मधल्या पेशी नाहींशा होऊन ती सुटी होते व हा पडदा तेवढा मागें राहतो. तो फार आंखूड, जाड किंवा जिभेच्या शेंड्यापर्यंत आलेला असला म्हणजे जिभेस वर अगर बाहेर जातां येत नाहीं. असें मूल रडूं लागलें म्हणजे कित्येकदां जिभेचा शेंडा मध्येंच ओढला जाऊन तेथें खांच पडलेली दिसते. निरनिराळ्या पाहण्यांत याचें प्रमाण निरनिराळें आढळतें. साधारणतः १०० नवजात बालकांपैकीं ४ ते १० बालकांत तो सांपडतो, व मुलींपेक्षां मुलग्यांत अधिक. हा पडदा म्हणजे निव्वळ दोरी नसून तोंडाच्या तळाशीं पसरलेल्या आवरणाची ती घडी आहे, असें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या शवविच्छेदनाच्या अभ्यासांत दिसून आलें. तेव्हां केवळ पडदा दिसला एवढ्यानें दोष ठरत नाहीं. जीभ आपलें काम करते कीं नाहीं, हें पाहावें लागतें.

जिभेचें पहिलें काम दूध पिणें. अंगावर पितांना बालकाची जीभ खालच्या हिरडीच्या पुढें यावी लागते. ती न आली तर मूल हिरड्यांनीं चावूं लागतें, आईस असह्य वेदना होतात, आणि तासभर पिऊनही मूल उपाशीं राहतें. अर्थात् ही लक्षणें मूल नीट धरलें नसल्यासही होतात. म्हणून अनुभवी परिचारिकेकडून प्रथम पाजण्याची रीत तपासून घ्यावी.

दुसरें काम बोलणें. येथें आपली वर्णमालाच उत्तम शिक्षक आहे. ‘बाबा’, ‘मामा’, ‘काका’ हे शब्द ओठांनीं व कंठांतून उच्चारले जातात. त्यांस जिभेच्या शेंड्याची गरज नाहीं. परंतु ‘टाळ’, ‘नळ’, ‘लाडू’ हे शब्द सावकाश म्हणून पाहा. प्रत्येक वेळीं शेंडा दांतांकडे किंवा टाळूकडे धांवतो. जिव्हाबंध असल्यास अडलीं तर हींच अक्षरें अडतात. तरीही पुष्कळ मुलें जिभेस दुसरी वाट शोधून तीं स्पष्ट उच्चारतात. चार-पांच वर्षांपर्यंत ‘र’च्या जागीं ‘ल’ येणें हा तर बहुधा वयाचाच धर्म होय.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतों. जिव्हाबंधामुळें मूल मुकें राहत नाहीं. दोन वर्षांचें मूल बोलत नसलें म्हणजे घरांतील वडील माणसें ‘जीभ जड आहे’ असें म्हणतात व मधांत वेखंड उगाळून चाटवितात. वस्तुतः त्या मुलास ऐकूंच येत नसण्याचा संभव असतो. जें कानीं पडत नाहीं तें मुखीं कोठून येणार? जिभेच्या उपचारांत दिवस जातात, आणि भाषा शिकण्याचीं पहिलीं अमोल वर्षें परत येत नाहींत. अशा वेळीं प्रथम कान तपासावे. शिवाय एक वर्षाच्या आंतील बालकास मध देणें धोक्याचें असतें, हेंही ध्यानांत ठेवावें.

हा पडदा कापण्याची विद्या जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोमन ग्रंथकार सेल्सस यानें ती वर्णिली असून जवळच्या रक्तवाहिन्या जपाव्या, असें बजाविलें आहे. जीभ सुटूनही ज्यास वाचा आली नाहीं असा एक मनुष्य आपण पाहिल्याचेंही तो प्रामाणिकपणें नमूद करतो. पुढें युरोपांत कांहीं सुइणी नखानें हा पडदा फाडीत असत. रक्तस्राव व जंतुदोष यांचें भय असल्यानें असें कृत्य घरीं कोणीही करूं नये.

तज्ज्ञाच्या हातीं मात्र ही शस्त्रक्रिया लहानशीच आहे. तान्ह्या बालकास गुंडाळून धरतात, जीभ वर उचलतात, आणि पातळ पडदा बोथट टोंकाच्या कात्रीनें किंचित् कापतात. बहुधा रक्ताचे चार थेंब येतात व मुलास लगेच पाजावयास घेतात. तत्पूर्वीं घराण्यांत रक्त न थांबण्याचा विकार आहे काय, हें अवश्य विचारतात. मूल मोठें असल्यास किंवा पडदा जाड असल्यास भूल देऊन, कातडीची जुळणी करून टांके घालावे लागतात. नंतर जिभेचा व्यायामही करावा लागतो.

मग प्रत्येक मुलावर ही शस्त्रक्रिया करावी काय? नाहीं. २०१७ सालच्या कॉक्रेन समीक्षेंत ५ प्रयोगांतील ३०२ बालकांचा विचार झाला. आईच्या वेदना कांहीं काळ कमी झाल्या, परंतु बालकाच्या पिण्यांत निश्चित सुधारणा सर्वत्र आढळली नाहीं. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेंही २०२४ सालीं अनावश्यक शस्त्रक्रियेविषयीं सावध केलें आहे.

आपल्या नागपुरांत १९४७ सालीं स्थापन झालेलें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जुन्या लोकांचें मेयो इस्पितळ, आणि १९६८ सालचें शासकीय दंत महाविद्यालय अशीं ठिकाणें आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ सालीं आपल्या राज्यांतील पालघर येथेंच झाला. त्यांतील वैद्यकीय पथकें अंगणवाड्यांत व सरकारी शाळांत येऊन जन्मजात दोष, बहिरेपणा व बोलण्यांतील विलंब पाहतात.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या वर्गांतील एखाद्याची जीभ अडखळत असेल तर त्यास ‘बोबड्या’ म्हणून चिडवूं नका. त्याच्या जिभेखालचा बंध कात्रीनें सुटूं शकेल. पण आपल्या हंसण्यानें त्याच्या मनास पडलेली गांठ कोणत्याही शस्त्रानें सुटावयाची नाहीं.